कागदातलं गोड

सरूबाई ओव्हाळांना मी आज अहोजाहो करून लिहिते आहे. कारखान्यात चार वर्षं आम्ही एका छपराखाली होतो, तेव्हा करत नव्हते. वयानं त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, तरी आम्ही सगळ्याजणी त्यांना 'अगं सरू' म्हणायचो आणि त्या आम्हाला ताई, बाई म्हणायच्या. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू काही फारशी चांगली नाही.

कारखाना काचेच्या बाटल्यांचा होता. कासारवाडी स्टेशनात उतरून रूळ ओलांडले की ज्वारीच्या शेतांतून पायवाट जायची आणि मध्येच एकदम धुराडं दिसायचं. पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने नुकते कुठं यायला लागले होते. मी मॅट्रिक होऊन भावाकडे चिंचवडला आले होते आणि औषधाच्या बाटल्या तपासण्याच्या खात्यात मला काम मिळालं होतं. वीस-बावीस बायका बाकांवर ओळीनं बसायच्या. बाटली उजेडाकडे धरायची, फिरवायची, बुडबुडा किंवा तडा दिसला की बाजूच्या पेटीत टाकायची. ती पेटी उचलायचं, फुटकी काच गोळा करायचं आणि तपासणीला येण्याआधी बाटल्या धुवायचं काम सरूबाईंकडे होतं. त्यांच्या बोटांवर पांढऱ्या बारीक रेघाच रेघा होत्या. त्यांनी धुतलेल्या बाटल्या आम्ही दिवसभर हाताळायचो. काचेला विटाळ नसतो. जेवायच्या सुट्टीत मात्र आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये गोल करून बसायचो आणि सरूबाई नळाजवळ, एकट्या.

त्या तळवड्याच्या. गावाबाहेरच्या वस्तीतल्या. उंच, काटक, कपाळावर गोंदण. नवरा देहूरोडला हमालीला जायचा. एकच मुलगी, वेणू. पहाटे उठून स्वयंपाक करून त्या चालत कामावर यायच्या आणि सुट्टी झाली की चिंचवडला परदेशी इंजिनिअरच्या बंगल्यावर धुणंभांडी करायला जायच्या. नवी भट्टी उभारायला कंपनीनं स्वीडनहून एक इंजिनिअर आणला होता. त्याच्या बायकोचं नाव इंग्रिड. सरूबाई तिला 'इंगरीबाई' म्हणायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोडक्या हिंदीतले दहा-पंधरा शब्द आणि बाकी सगळे हातवारे, एवढ्यावर दोघींचं तासन्‌तास चालायचं.

इंग्रिडबाईंची आई तिकडून बोटीनं पार्सलं पाठवायची. त्यातलं काही ना काही त्या सरूबाईंना द्यायच्या, आणि सरूबाई ते एकट्या कधी खायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्यापुढं यायचंच. त्यांची द्यायची रीत मला अजून दिसते. पुडा आमच्या मध्ये फरशीवर ठेवायचा आणि दोन पावलं मागं सरून उभं राहायचं. ही मर्यादशील वागणूक आहे असं मला पहिले काही महिने वाटत होतं.

पहिल्यांदा त्यांनी आणल्या त्या काळ्या गोळ्या. एकेक गोळी मेणकागदात गुंडाळलेली. आमच्यात जोगबाई सर्वांत जुन्या, त्यांचे यजमान हेडक्लार्क. त्यांनी दुरून पुडा न्याहाळला आणि निकाल दिला, "कागदातलं आहे. मशीनवर झालेलं. घ्यायला हरकत नाही."

आम्ही घेतल्या. तोंडात टाकल्या आणि एकच हाहाकार झाला. खारट, कडू, मध्येच गोड, नवसागरासारखा नाकात जाणारा झणका. कुणी थुंकलं, कुणी नळाकडे धावलं. जोगबाई तर "विष आहे, विष!" म्हणून ओरडल्या.

सरूबाई डोळे मिटून गोळी चघळत होत्या. काहीही नवं खाताना त्या डोळे मिटायच्या आणि जीभ टाळ्याला लावून, मान जराशी कलती करून थांबायच्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "ज्येष्ठमध हाय ह्यो. घसा बसला की आमची आय द्यायची. ह्यांच्यात मीठ लावून खात्यात, एवढंच." आणि गोळी शेवटपर्यंत संपवली.

मी म्हटलं, "सरू, टाकून दे की. कशाला संपवतेस?"

"लांबून आलंय, ताई," त्या म्हणाल्या. "तिच्या आयनं धाडलंय. थुकायचं कसं?"

त्यांची जीभ विलक्षण होती. नाताळच्या सुमारास इंग्रिडबाईंच्या पार्सलात एक गुलाबी डुक्कर आलं, मुठीएवढं, चांगलं शेपटी-कानांसकट, चकचकीत कागदात बांधलेलं. सरूबाईंनी ते फरशीवर ठेवलं मात्र, जोगबाई किंचाळून उठल्याच. "अगं, डुकराचं मांस आणून ठेवलंस आमच्यापुढं?"

सरूबाई खाली वाकल्या. कागद सोडला, डुकराचा एक कान मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आम्ही बावीसजणी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या. "बदाम," त्या म्हणाल्या. "बदाम आन साखर. दुसरं कायबी न्हाई. थोडं गुलाबपाण्यावानी लागतंय." एवढं ऐकल्यावर भीती गेली. त्यांनी मोडलेल्या बाजूकडचा भाग तेवढा सोडून जोगबाईंनी चाकूनं उरलेल्याचे तुकडे केले आणि आम्ही डुक्कर फस्त केलं. आमचा सरूबाईंच्या जिभेवर पूर्ण विश्वास होता. हातावर नव्हता.

बंगल्यावरच्या गोष्टी त्या बाटल्या धुता धुता सांगायच्या. माझी जागा धुण्याच्या हौदाजवळ, म्हणून मला ऐकू यायच्या. एकदा इंग्रिडबाई रडकुंडीला आल्या होत्या. आईच्या हातचा पाव करायचा होता, पण चव काही जमेना. आईनं पाठवलेल्या पावाचा वाळका तुकडा त्यांनी सरूबाईंपुढं धरला. सरूबाईंनी चाखला आणि म्हणाल्या, "येलदोडा!" बाईंना शब्द कळेना. तेव्हा चिंचवडच्या वाण्याकडून सरूबाईंनी वेलदोडे आणून ओट्यावर ठेवले. इंग्रिडबाईंनी एक फोडून नाकाशी धरला आणि सरूबाईंना मिठीच मारली.

"मिठी?" मी विचारलं.

"व्हय. म्या आपली हात वर करून हुबी. आंगाला भांड्याची राख." त्या हसल्या, तोंडावर पदर धरून. "आन जेवायला टेबलावर बस म्हनती. म्या खाली बसले, तर तीबी खाली येऊन बसली. तिचं गुडघं लई दुखत्यात, मांडी घालता येत न्हाई. मंग म्हनलं, आपुनच वर बसावं."

मी हसले. घरी जाऊन वहिनीला सांगितलं, तीही हसली. टेबलावर बसून आलेल्या या बाईला आमच्याबरोबर जेवायला बस असं आपण एकदाही म्हटलं नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

मग जूनमध्ये वेणू सातवी पास झाली. फायनलची परीक्षा. तळवड्याच्या त्या वस्तीतून सातवी झालेली पहिली मुलगी. त्या दिवशी सरूबाई धुवट हिरवं लुगडं नेसून आल्या. सुट्टीत त्यांनी पितळी डबा आणला, फडक्याची गाठ सोडली आणि नेहमीसारखा मध्ये ठेवला. आत गुळखोबऱ्याच्या करंज्या होत्या. कडांना नखानं घातलेली सुबक मुरड.

"येणू पास झाली," त्या म्हणाल्या. "तोंड ग्वाड करा."

जोगबाई म्हणाल्या, "वा, वा. छान झालं हो. पण आज माझा सोमवार." शेजारणीची दाढ दुखत होती. तिसरीला तळलेलं चालत नव्हतं. एकेक करत पाळी माझ्यावर आली. सरूबाई माझ्याकडे बघत होत्या. बाकीच्यांकडे त्यांनी बघितलंही नव्हतं.

मी म्हटलं, "माझं पोट बिघडलंय गं, सरू."

माझ्या पुढ्यातल्या डब्यात चिवडा होता. अर्धा खाल्लेला.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "पोटाला जपा." आणि फडक्याची गाठ पुन्हा बांधली. सावकाश, नीट.

संध्याकाळी स्टेशनकडे जाताना मला त्या दिसल्या. रुळाच्या कडेला खडी पसरणाऱ्या बायकांची टोळी बसली होती आणि सरूबाई त्यांना करंज्या वाटत होत्या. एकजण तोंड भरून काहीतरी विचारत होती आणि सरूबाई सांगत होत्या, बहुतेक वेणूचंच. मी शेताच्या बाजूनं वळसा घालून गेले.

त्यानंतर महिनाभर त्यांनी काही आणलं नाही. मग एके दिवशी इंग्रिडबाईंचा निळा पत्र्याचा डबा पुन्हा फरशीवर आला. आत पातळ पांढऱ्या कागदात एकेक गुंडाळलेल्या तपकिरी चकत्या होत्या. पापडासारख्या पातळ, कुरकुरीत. सुंठ, लवंग आणि दालचिनीचा वास शेडभर झाला. कागदातलं होतं. आम्ही घेतलं.

इतकं चांगलं आजवर त्या पार्सलांतून काही आलं नव्हतं. चकती दाताखाली मोडायची आणि मग जिभेवर उशिरानं तिखटगोड चव पसरायची. जोगबाईंनी दोन खाल्ल्या, तिसरी मुलासाठी पदरात बांधली. "याला म्हणतात कारागिरी," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे सुंठ नाही का गूळ नाही? पण हा हात आपल्याकडे नाही. कुठल्या देशाची गं ही, सरू? स्वीडनचीच का?"

सरूबाई दोन पावलं मागं उभ्या होत्या. "स्वीडनची" म्हणाल्या असत्या तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"तळवड्याची," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्या केल्यात. घरी, चुलीवर. इंगरीबाईनं शिकवलंय. तव्यावर ठिवायच्या आन वरनं झाकनावर इंगळ."

त्यानंतर जे झालं ते सांगायला लाज वाटते. कुणी घशात बोटं घातली, कुणी चुळांवर चुळा भरल्या. जोगबाईंनी पदराची गाठ सोडून चकती नळाजवळच्या गटारात टाकली आणि पदर धुतला. "बाटवलंस गं, बाटवलंस आम्हाला!" त्या रडत होत्या, खरंच रडत होत्या. फक्त लछमी, फाळणीत सिंध सोडून आलेली, पिंपरीच्या कॅम्पातली, नुकतीच कामाला लागलेली, बसल्या जागेवरून हलली नाही. तिनं डब्यातून अजून एक चकती घेतली. "अच्छा है," ती म्हणाली. "फेंकते क्यों हो?"

मी थुंकले नाही. पण गिळलंही नाही. तोंडातला घास तसाच धरून मी जोगबाईंकडे बघत राहिले, आणि मग नळाकडे गेले.

तक्रार करायचं ठरलं. शिवाशिव पाळणं कायद्यानं गुन्हा ठरलं होतं. ते कारखान्याच्या साहेबांना माहीत होतं आणि हेडक्लार्कच्या बायकोलाही. त्यामुळं अर्जात जातीचा शब्द नको. 'कामगार स्त्री सरूबाई ओव्हाळ हिने बाहेरील अन्नपदार्थ कारखान्याच्या आवारात आणून, त्यांच्या उगमाविषयी गैरसमज निर्माण करून, इतर कामगारांस खाऊ घातले.' हे वाक्य मला तोंडपाठ आहे, कारण तो अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं, मी मॅट्रिक होते आणि माझी नोकरी जोगबाईंच्या यजमानांनी लावून दिली होती. ही कारणं मी त्या वेळी स्वतःला सांगितली होती.

साहेबांनी सरूबाईंना बोलावलं, तेव्हा अर्ज लिहिणारी म्हणून मीही दाराशी उभी होते.

"तू यांना फसवलंस?"

"म्या कुठं म्हनलं परदेशी हाय? त्यांनी इचारलं, म्या सांगितलं."

"मग परदेशी डब्यात का आणलंस? कागदात का गुंडाळलंस?"

"साहेब," सरूबाई म्हणाल्या, "पितळीच्या डब्यात आणलं हुतं आदी. कुनी घेतलं न्हाई."

साहेबांनी मान खाली घातली आणि टेबलावरचे कागद सारखे केले. वाईट माणूस नव्हता तो. पण सरूबाईंचं नाव कायम पटावर नव्हतं, आणि लछमी सोडून सगळ्या बायका काम बंद करू म्हणत होत्या. आठवड्याच्या शेवटी सरूबाईंना उद्यापासून येऊ नकोस असं सांगितलं गेलं. बाटल्या धुवायला दुसरी बाई आली.

चार दिवसांनी इंग्रिडबाई कारखान्यात आल्या. उन्हानं तोंड लालबुंद झालेलं. इंग्रजी थोडंफार येणारी एकटी मीच, म्हणून त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. तिनं काय केलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खायला आणलं. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळ्याच आणता. मी म्हटलं, हो. मग काय झालं, त्यांनी विचारलं, आणि माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत मला एक शब्द सापडेना. जोगबाई बाटली उजेडाकडे धरून फिरवत होत्या. सगळ्याच फिरवत होत्या. इंग्रिडबाई थोडा वेळ आमच्याकडे बघत थांबल्या आणि निघून गेल्या. त्यांनी साहेबांशी पुष्कळ भांडण केलं असं कळलं, आणि नवऱ्यानं त्यांना या देशाच्या भानगडीत पडू नकोस म्हणून दटावलं असंही. भट्टीचं काम संपल्यावर दोघं परत गेली.

सरूबाईंकडे मी गेले ती दीड-दोन वर्षांनी. माझं लग्न ठरलं होतं, सोलापूरकडे जायचं होतं. पोटात खुपत असलेली गोष्ट इथंच ठेवून जावी असं वाटलं. वेणूसाठी एक शाईचं पेन घेतलं आणि विचारत विचारत तळवड्याला पोचले.

वस्ती नव्यानं सारवलेली, भिंतींना चुना दिलेला. मधल्या काळात वस्तीतल्या लोकांनी नवा धर्म घेतला होता. सरूबाईंच्या घरातल्या कोनाड्यातले देव गेलेले दिसले. त्या दिवशी वस्तीत कुणाचंतरी लग्न होतं आणि सरूबाई घरामागं मोठ्या चुलाणाशी होत्या. कामावरून काढल्यापासून त्या शेतात मजुरीला जात होत्या, आणि आसपासच्या वस्त्यांतल्या लग्नांना स्वयंपाकाला त्यांनाच बोलावणं यायचं. मला बघून त्या उठल्या, हात पुसले, ओट्यावर घोंगडी टाकली.

"बसा, नलूताई. उन्हाचं आलाव."

वेणू पुण्यात मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती. पेन त्यांनी घेतलं, उघडून बघितलं, पुन्हा बंद करून कोनाड्यात ठेवलं. माझ्या भावाची, वहिनीची चौकशी केली. सासरची माणसं कशी आहेत विचारलं. शेवटी मीच म्हटलं, "सरूबाई, तुम्ही माझ्यावर रागावला असाल."

"आता 'तुमी' व्हय?" त्या म्हणाल्या. बोलण्यात चेष्टा होती की नव्हती, कळलं नाही.

"तो अर्ज मी लिहिला होता."

"ठावं हाय. साहेबानं वाचून दावला. आक्षर लई चांगलं हाय म्हनला."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवर हात ठेवला नाही, आणि दूरही झाल्या नाहीत. चुलाणावरच्या पातेल्यात गुळाची लापशी शिजत होती. वेलदोड्याचा, तुपाचा वास ओट्यावर येत होता. मी सकाळपासून उपाशी होते. खरं सांगायचं तर मुद्दाम उपाशी आले होते. पुढ्यात आलं असतं ते ताट चाटूनपुसून खाणार होते.

पंगत बसायची वेळ झाली. सरूबाई उठल्या. त्यांनी पोरांना वाढलं, म्हाताऱ्यांना वाढलं, वाजवणाऱ्यांना आग्रहानं दुसऱ्यांदा वाढलं. माझ्या ओट्यावरून दोनदा गेल्या. मला त्यांनी विचारलं नाही. मागायला माझं तोंड नव्हतं.

"येते मी," मी म्हटलं.

"रस्त्यापतुर येते," त्या म्हणाल्या आणि आल्या. सांभाळून जा, म्हणाल्या. सोलापूरला ऊन फार, डोक्यावर पदर घेत जा, म्हणाल्या. मी वळले.

थोडं पुढं जाऊन एका झाडाखाली टेकले आणि उठताना मागं बघितलं. सरूबाई चुलाणाशी परत गेल्या होत्या. सगळ्यांचं वाढून झाल्यावर त्या बायकांच्या घोळक्यात मांडी घालून जेवायला बसल्या होत्या. शेजारची एकजण काहीतरी म्हणाली, आणि तोंडात घास असतानाच सरूबाई खदखदा हसल्या. मान मागं टाकून, पदर तोंडावर न घेता. मग त्या शेजारणीच्याच ताटातला एक घास उचलून त्यांनी तोंडात घातला.

मी वाटेला लागले.